अगदी पूर्वीसारखे

डॉक्टर नीलिमा सपकाळ्यांनी पडदा लीलाधरकडे वळवला. काचेच्या बशीत नखाएवढी, फिकट गुलाबी चकती तरंगत होती. बघता बघता ती आकसली, सैल झाली, पुन्हा आकसली. तिला ना कुठली नळी जोडलेली होती, ना तार. आपल्याच तालात ती धडधडत होती.

"जामनेरच्या एका शिक्षकांची आहे ही," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या महिन्यात ही त्यांच्या कमरेच्या हाडात होती. आता त्यांच्या हृदयावर बसेल."

लीलाधर भारंबे खुर्चीत पुढे सरकला आणि लहान मुलाने मत्स्यालयाकडे बघावं तसा त्या बशीकडे बघत राहिला. शेजारी बसलेली त्याची बायको प्रतिभा मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

जळगावच्या त्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: कातडी कापली तर भरते, हाड मोडलं तर सांधतं, पण हृदयाचा स्नायू एकदा मेला की परत उगवत नाही. झटका येतो तेव्हा जो भाग रक्तावाचून मरतो, तिथे नुसता वण उरतो. वण काही रक्त ढकलत नाही. उलट उरलेल्या स्नायूलाच त्याचं ओझं ओढावं लागतं, आणि ओढता ओढता तोही थकतो. लीलाधरच्या हृदयाचा तिसरा हिस्सा असा वण होऊन पडला होता.

हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, काही मूळपेशी असतात. त्यांचं पुढे काय व्हायचं ते पुरतं ठरलेलं नसतं. कुणी हाड होते, कुणी कूर्चा, कुणी चरबी. त्यांना हृदयाच्या वाटेला लावायचं स्वप्न जुनंच. मागच्या पिढीतल्या डॉक्टरांनी त्या नुसत्याच हृदयात टोचून पाहिल्या, पण बऱ्याचशा वाहून गेल्या आणि राहिल्या त्याही फारशा टिकल्या नाहीत. नव्या शोधाचं मर्म होतं क्रमात. आधी कोणतं रसायन, मग कोणतं, आणि प्रत्येक किती वेळ. त्यानंतर पेशींना ताणल्या जाणाऱ्या पातळ पडद्यावर बसवून हृदयासारखे हेलकावे द्यायचे, विजेचे बारीक ठोके द्यायचे. आईच्या पोटात बाळाचं हृदय घडताना जे घडतं, त्याचीच ती नक्कल. मग कधीतरी एक पेशी आपणहून फडफडते. तिचं बघून शेजारची.

"म्हणजे रुळांचे सांधे बदलायचे," लीलाधर म्हणाला. तो भुसावळला मालगाडीचा चालक होता, झटका येईपर्यंत. "गाडी यार्डात उभी आहे, कुठल्याही लाइनीला जाऊ शकते. तुम्ही एकामागून एक सांधे असे लावता, की ती हृदयाच्याच लाइनीला लागते."

डॉक्टर हसल्या. धोका किती तेही त्यांनी लपवलं नाही. नवी चकती सुरुवातीला स्वतःच्या तालात चालते, जुनं हृदय त्याच्या. दोघांमध्ये पेशीपेशींचे पूल तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि तोवर ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. एकदा जुळलं की मात्र काळजी नाही.

"जुळल्यावर हे कसे होतील?" प्रतिभाने तिथे विचारलेला हा एकच प्रश्न.

"अगदी पूर्वीसारखे," डॉक्टर म्हणाल्या.

चांगली बातमी द्यावी तसं त्या म्हणाल्या. प्रतिभाने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

पूर्वीचा लीलाधर डॉक्टरांनी पाहिला नव्हता. प्रतिभाने पाहिला होता. ड्यूटीवरून तो कधीही यायचा, पहाटे, भरदुपारी, आणि आला की घराने श्वास रोखायचा. तो झोपला असताना भांडं वाजलं तर ते भांडं भिंतीवर जायचं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट अंगणात गेलेलं तिला आठवत होतं, आणि ते शेजारणीच्या देखत तिनेच उचललेलं. मुलगा चेतन शाळेत होता तेव्हा एका दुपारी त्याने मित्रांना घरी कॅरम खेळायला बोलावलं. झोपमोड झालेला लीलाधर उठला आणि त्याने चेतनला कमरेच्या पट्ट्याने असं मारलं, की हात आडवा घातलेल्या पोराची करंगळी मोडली. ती वाकडीच बसली. चेतन शिकायला म्हणून नाशिकला गेला आणि तिथलाच झाला. दिवाळीला एक दिवस यायचा, आईशी बोलायचा, जायचा.

मग इंजिनात असतानाच लीलाधरला झटका आला. छातीत कळ उठली तरी त्याने गाडी स्टेशनात आणून नीट उभी केली आणि मगच तो कोसळला. वाचला, पण घरी आला तो वेगळाच माणूस. राग करायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगायची गरजही नव्हती. आवाज चढला की धाप लागायची, ओठ निळे पडायचे, रात्र उशांना टेकून काढावी लागायची. पहिले काही महिने तो भीतीने गप्प राहिला. मग गप्प राहायची सवय झाली, आणि सवयीतून कधीतरी तो ऐकायलाही लागला.

रेल्वेने त्याला ऑफिसात टेबलावर बसवलं. प्रतिभाने पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं, शाळांच्या गणवेशाची कामं घेतली. कामं वाढली तशी आणखी मशिनं आली, ललिता आणि फरीदा अशा दोघी कामाला आल्या. संध्याकाळी लीलाधर बटणं लावायला बसायचा. इंजिनाचा दांडा ओढलेल्या त्या जाड बोटांत सुई हरवून जायची. पण टाका तो नेटका घालायचा, आणि घालता घालता विचारायचा, "मग? काय म्हणाली मुख्याध्यापक बाई?" लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर 'मग?' हा शब्द प्रतिभाने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. हिवाळ्यात तो तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत करायचा, स्वतःच्या वाटणीचं बिनमिठाचं आधी काढून ठेवायचा. प्रतिभा या माणसाच्या प्रेमात पडली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्याच्याशी लग्न झालंय त्याच्याच प्रेमात मागाहून पडलो हे सांगायचं तरी कसं?

आणि आता तो पूर्वीसारखा होणार होता.

तिने चेतनला फोन केला. चेतनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, त्यांनी राग सोडलेला नाही. त्यांना रागवायला झेपत नाही, एवढंच. बरे झाले की तू माझ्याकडे ये."

शस्त्रक्रियेच्या संमतीवर बायकोचीही सही लागत होती. डॉक्टरांनी विचार करायला वेळ दिला होता, आणि प्रतिभा तो वेळ उगाच लांबवत होती. आधी शाळा सुरू व्हायचा हंगाम संपू दे, मग पाऊस ओसरू दे. लीलाधरने घाई केली नाही. धोक्याला घाबरते आहे, असं त्याला वाटलं असावं. तिलाही स्वतःबद्दल तेच वाटून घ्यायला आवडलं असतं.

सावद्याला भाच्याच्या लग्नाला निघाले तेव्हा स्टेशनातला सरकता जिना बंद होता. लीलाधर पुलाच्या साध्या पायऱ्या चढायला लागला आणि अर्ध्यातच बसला. माणसं त्याला वळसा घालून वर जात होती. मुंडावळ्यांची पिशवी मांडीवर धरून तो प्रतिभाकडे बघून हसला. ओठ जांभळे झाले होते. "तू हो पुढे," तो म्हणाला, "मी येतो हळूहळू."

ती पुढे गेली नाही. त्याच्याजवळ पायरीवर बसली, आणि तिथे तिला स्वतःची लाज वाटली. आपल्याला गोड माणूस हवा म्हणून याने आयुष्यभर अर्ध्या जिन्यावर बसायचं? दुसऱ्या दिवशी तिने जळगावला जाऊन सहीच्या जागी, संमतीपत्राच्या पडद्यावर अंगठा टेकवला. टेकवताना हात अडला, पण टेकवला.

कमरेच्या हाडातून मज्जा काढली ते काम भूल देऊन थोडक्यात झालं. मग वाट बघणं आलं. रुग्णालयातून फोन आला की चकती फडफडायला लागली आहे, तेव्हा लीलाधरने ललिता-फरीदाला पेढे वाटले. शस्त्रक्रिया झाली. त्याच्या मनगटाला एक पट्टा बांधला. हृदयाचा प्रत्येक ठोका त्यातून रुग्णालयात जायचा आणि प्रतिभाच्या फोनवरही उमटायचा. रेघ हिरवी असली की ठीक, पिवळी झाली की त्याला आडवं करायचं, लाल झाली तर रुग्णवाहिका आपोआप निघणार.

ते आठवडे प्रतिभाने फोन हातातून सोडला नाही. घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, मशिनं बंद राहिली. रेघ पिवळी व्हायची, परत हिरवी. एकदा लाल व्हायच्या बेतात आली तेव्हा तिने त्याचा हात धरून देवाचं नाव घेतलं, आणि त्या वेळी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. हा जगावा, कसाही असला तरी जगावा. मग हळूहळू पिवळी दिसेनाशी झाली. तपासणीत डॉक्टरांनी दाखवलं, चकतीची कडच आता सापडत नव्हती. जिथे वण होता तिथे जिवंत स्नायू होता, आणि सगळं हृदय एका दमात आकसत होतं. पट्टा आणखी काही महिने ठेवा म्हणाल्या, केवळ खबरदारी म्हणून.

लीलाधर चालायला लागला, मग पळायला. तापीच्या पुलापर्यंत जाऊन यायचा आणि घामाने निथळत दारात उभा राहून हसायचा. जेवण वाढलं, छाती भरली. आवाजही भरला. सुरुवातीला प्रतिभाला तो आवडला, खोलीत माणूस असल्यासारखं वाटायचं. मग तिच्या लक्षात आलं, की बटणांचा डबा कपाटावर गेला तो खाली आलाच नाही. 'मग?' ऐकू येईनासं झालं. तिच्या बोलण्याच्या मध्येच तो उठून जाऊ लागला, वाईट हेतूने नव्हे, त्याच्या अंगात बसून राहण्याइतका थकवा उरला नव्हता म्हणून. सपाट मुलखातल्या मालगाड्या आता बिनचालकाच्या झाल्या होत्या, पण घाटात आणि यार्डात माणूस लागायचाच. दुरुस्त हृदयाच्या चालकांना पुन्हा इंजिनावर घ्यायचा नियम नुकताच झाला होता. लीलाधरने अर्ज टाकला.

एका दुपारी तो रेल्वेच्या इस्पितळातून प्राथमिक तपासणी करून आला. पुढच्या खोलीत तिघी कामात होत्या. शाळांचे गणवेश सोमवारी पोहोचवायचे होते.

"ही मशिनं इथून हलवा," दारातूनच तो म्हणाला. "ड्यूटी लागली की दिवसा झोपावं लागेल मला. ही खडखड चालणार नाही."

प्रतिभाने मशीन थांबवलं. मागच्या खोलीत झोपा, म्हणाली. तिथे उकडतं, तो म्हणाला. मग कूलर लावू, पण मशिनं इथेच राहतील, याच्यावर घर चाललंय इतकी वर्षं. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

त्याचा हात टेबलावर असा आदळला, की कातरी उडाली, बटणांच्या पुड्या फुटून फरशीभर पसरल्या. "माझ्या घरात मला विचारून राहायचं का?" तो ओरडला, आणि ओरडतच राहिला. तोच आवाज होता. ललिता भिंतीला चिकटली. फरीदाने हातातला शर्ट छातीशी धरला.

प्रतिभाचा हात सवयीने फोनकडे गेला. ओरडतोय म्हणजे धाप लागणार, आडवं करावं लागणार. तिने पडद्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. मग उठून तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"बघा. हिरवी आहे."

तो थांबला.

"एवढं ओरडलात, तरी हिरवी," ती म्हणाली. "आजवर तुमचं हृदय तुम्हाला थांबवत होतं. आता ते थांबवणार नाही. आता थांबायचं तर तुम्हालाच थांबावं लागेल."

लीलाधर त्या रेघेकडे बघत राहिला, मग बाहेर निघून गेला. प्रतिभाने दोघींच्या मदतीने बटणं वेचली, गणवेश पुरे केले, सोमवारी पोहोचवले आणि मंगळवारी नाशिकची गाडी धरली. जाते म्हणून सांगितलं. कधी येणार ते सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

चेतनने आईला खोली दिली, 'मी म्हटलं नव्हतं?' असं एकदाही म्हटलं नाही. प्रतिभा दिवसभर खिडकीत बसायची. फोनवरची रेघ तिने बंद करून टाकली होती. ती विचार करत होती तो आजारपणातल्या वर्षांचा. ती वर्षं गोड होती, पण त्या वर्षांत तीही त्याला एक शब्द टाकून बोलली नव्हती. ताटाचं नाही, करंगळीचं नाही. बोलले आणि याला काही झालं तर, या भीतीने तिने सगळं पोटात ठेवलं होतं. चेतननेही. आजारी माणसाशी कोण भांडतं? घर शांत होतं खरं, पण एकटा लीलाधरच काही राग गिळत नव्हता. सगळेच गिळत होते.

रविवारी दाराची घंटी वाजली. चेतनने दार उघडलं तर लीलाधर उभा. लिफ्ट असून जिन्याने आला होता, आणि धाप लागलेली नव्हती. बापलेक दारातच होते. प्रतिभा आतल्या खोलीच्या चौकटीत येऊन थांबली.

"तुझी करंगळी मी मोडली," लीलाधर म्हणाला. "त्याची माफी आजवर मागितली नाही. आजारी होतो तेव्हा मागितली असती, तर तुला नाही म्हणता आलं नसतं. आता धडधाकट आहे. आता तू नाही म्हणालास, तरी मला काही होणार नाही."

चेतनने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"नाही," तो म्हणाला.

लीलाधरने मान हलवली. चेतन बाजूला झाला, त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसून बोलायला लागला. त्या दुपारचं बोलला, त्याआधीच्या आणि नंतरच्या दुपारींचं बोलला. हॉस्टेलमध्ये कुणी मोठ्याने हाक मारली तरी अंगाचा थरकाप व्हायचा, ते सांगितलं. शेवटी तर तो ओरडतच होता, हुबेहूब बापाच्या आवाजात. ते लक्षात आल्यावर तो एकदम गप्प झाला आणि तोंड फिरवून गॅलरीत गेला. लीलाधर पुरतं ऐकेपर्यंत जागचा हलला नव्हता. ग्लासमधलं पाणी तसंच होतं. प्रतिभाच्या ध्यानात आलं, की या सगळ्या वेळात आपल्याला फोन बघावासा वाटला नाही.

संध्याकाळी ती लीलाधरबरोबर निघाली. घरी परतायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. शिलाईची पुढची कामं आली होती, ललिताचे दोनदा फोन येऊन गेले होते, जायला तर हवं होतं. चेतन रिक्षापर्यंत आला. बापाची पिशवी त्याने आत ठेवली, बोलला मात्र आईशीच.

नाशिकरोडच्या फलाटावर दोघं बाकावर बसली. लीलाधरने सांगितलं, की खाट मागच्या खोलीत हलवली आहे, कूलरही बसवला आहे. मशिनं जागच्या जागी आहेत.

"खाटेचा प्रश्न नव्हता," प्रतिभा म्हणाली.

"मग?" त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे वळली. सांगू की नको, असं तिला एक क्षण वाटलं. समोर धडधाकट माणूस बसला होता, ज्याला काहीही सांगता आलं असतं.

"सही करताना माझा हात अडला होता," ती म्हणाली. "धोक्याला मी घाबरले नव्हते. तुम्ही बरे व्हावंत असं मला वाटत नव्हतं. एवढी वेळ तुम्ही आणलीत माझ्यावर, की आपल्या माणसाने बरं होऊ नये असं वाटावं."

लीलाधरचा चेहरा पडला. प्रतिभाने ते बघितलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. ती बोलत गेली. अंगणातलं ताट, उचलताना बघणारी शेजारीण, माहेरी जाऊन आईला सांगितलेली खोटी कारणं. आवाज चढला तसे पलीकडच्या बाकावरचे दोन प्रवासी उठून दूर गेले.

भुसावळकडे जाणारी गाडी फलाटाला लागली. माणसं चढली, उतरली. लीलाधरने हयातीत कधी गाडी चुकवली नव्हती. सवयीने तो उठू लागला, पिशवीला हात घातला, आणि तिच्याकडे बघितलं.

"अजून आहे?"

"आहे," प्रतिभा म्हणाली.

तो परत बाकावर बसला. गाडीने शिटी दिली, डबे एकेक करून समोरून सरकत गेले, आणि शेवटचा डबा गेल्यावर फलाटावर प्रतिभाचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला.